सुकन्यानं पाहिलेला बाजार

सुकन्या लग्न होऊन लातूरला आली तेव्हा तिच्या सासूनं, शांतम्मांनी, शेजारणींना सांगितलं होतं, "पोरगी एम.कॉम. हाय, पण सैपाक बी येतो." त्या एका 'पण'वरून सासर कसं आहे ते सुकन्याला कळायला हवं होतं. कळलं नाही. ती तेव्हा खूश होती.

माहेर लोह्याचं. वडील संगप्पा, थोडी शेती, गावात मान बरा. धाकटा भाऊ संगमेश्वर बसस्टँडसमोर झेरॉक्सचं आणि वह्यापेनांचं दुकान चालवायचा. नांदेडच्या कॉलेजात असताना सुकन्यानं वजिराबादच्या दुकानादुकानांत फिरून बेकरीच्या मालाची पाहणी केली होती. कुठला माल खपतो, कुठला परत येतो, का येतो. सरांनी ती वर्गात वाचून दाखवली. पोरं मागच्या बाकावर हसली, पण सुकन्याला मात्र आपण कशासाठी जन्मलो ते त्या दिवशी समजल्यासारखं झालं. माणसांना विचारायचं, ऐकायचं, आणि ऐकलेलं एकमेकांना जोडून बघायचं.

सासरे वीरण्णा म्हणजे लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेतलं वजनदार नाव. खाली किराण्याचं ठोक दुकान, वर माडीवर घर, कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढराशुभ्र सदरा. आवाज कधी चढवायचे नाहीत. समोरच्याचं बोलणं संपत आलं की हसून मान दुसरीकडं वळवायचे, आणि माणूस आपोआप गप्प व्हायचा. नवरा अमरेश दुकानात बसायचा, पण गिऱ्हाईक वडिलांशीच बोलायचं. पोराला स्वतःचं काहीतरी काढून द्यावं, हे वीरण्णांच्या डोक्यात बरेच दिवस होतं. हैदराबादच्या एका प्रदर्शनात त्यांनी अगरबत्ती करायचं मशीन बघितलं. एका बाजूनं काडी आत जाते, दुसऱ्या बाजूनं मसाला लागून बाहेर पडते. मशीन विकणारा म्हणाला, तुमचा सगळा माल आम्हीच परत विकत घेऊ. वीरण्णांना ते पसंत पडलं.

घरी जेवताना त्यांनी ते सांगितलं. सुकन्या वाढत होती. तिच्यानं राहवलं नाही.

"मामा, मशीन आणायच्या आधी बाजार बघायला पाहिजे. माल कुठं जाणार, कोण घेणार, आत्ता कुणाचा चालून राहिलाय, ते."

अमरेशचा घास हातात थांबला. शांतम्मांनी सुनेकडं असं बघितलं, जणू ती ताट ओलांडून गेली होती. वीरण्णा मात्र हसले.

"बघ की मग. एम.कॉम. कशाला केलंय? जा, फिर. तू बघून आलीस की ठरवू."

सुकन्यानं ते खरं धरलं.

पुढचे दोन-अडीच महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले गेले, असं ती आजही म्हणते. सकाळचा स्वयंपाक उरकायचा, डबा बांधायचा आणि निघायचं. आधी लातूर झालं, मग चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. लांब जायचं असलं की लोह्याला माहेरी मुक्काम. दुकानासमोर उभं राहून आधी नुसतं बघायची. गिऱ्हाईक अगरबत्ती मागताना नाव घेतं, का नुसतं 'एक पुडा द्या' म्हणतं? पुडा नाकाला लावतं का? दुकानदार कुठल्या फळीवरून काढतो? मग आत जाऊन विचारायची.

सगळे नीट बोलायचे नाहीत. अहमदपूरच्या एका दुकानदारानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "वीरण्णाशेठची सून ना तुम्ही? घरात नवरा न्हाई का फिरायला?" शेजारचे दोघं हसले. सुकन्यानं तरी प्रश्न विचारलाच. "नवा पुडा ठेवाल का?" तो म्हणाला, "ठेवीन की. विकला तर पैसे, न्हाई विकला तर माल परत. आन् भिजला, वास उडाला, तरी परत." हेच उत्तर तिला सगळीकडं मिळालं. पेठेत नव्या मालाला नाही कुणी म्हणत नव्हतं. पैसे देतो असंही कुणी म्हणत नव्हतं.

किनवटला एका दुकानदारीणबाईनं तिला गेल्या पावसाळ्यातला पुडा उघडून दाखवला. काड्यांवर पांढरी बुरशी. "हितं जंगलाची हवा. चांगल्या कंपनीचं वेष्टण आसलं तर टिकतं. घरगुती मालाला श्रावण सोसत न्हाई, बाई."

खरी आशा होती ती माहूरची. वीरण्णांचा सगळा हिशेब माहूरवरच होता. गडावर एवढे लोक येतात, रेणुकामातेपुढं एवढ्या अगरबत्त्या जळतात, आपला माल तिथं सहज खपेल. सुकन्या पायऱ्यांच्या वाटेवर दिवसभर बसून राहिली. शेजारी ओटीची ताटं विकणारी केवळाबाई होती. खण, नारळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, कापूर, अगरबत्ती, सगळं एका ताटात लावलेलं.

"मावशी, लोक अगरबत्ती कुठली मागतात?"

केवळाबाईला हसू आलं. "लोक कशाला मागतेत? लोक ताट मागतेत. त्याच्यात काय घालायचं ते मी घालते. जी लई स्वस्त, ती. हैदराबादचा माणूस पोत्यानं आणून टाकतो. देवीपुढं गेली की पुजारी बाजूला सारतो. आर्धी बी जळत न्हाई."

"आणि तुम्हाला त्याच्याहून चांगली दिली तर?"

"चांगली घेऊन मी काय करू, पोरी? वास घ्यायला माणूस थांबतोय कुठं?"

सुकन्याला तिथंच सगळं उमगलं. माहूरला ताटं खपतात, ढिगानं खपतात, पण अगरबत्ती भक्त विकत घेत नाही, ताटवाली घेते. आणि ताटवालीला हवी सगळ्यात हलकी. पोत्यानं माल टाकणाऱ्या हैदराबादवाल्याच्या पुढं लातूरचं एक मशीन टिकणार नव्हतं. परतीच्या बसमध्ये तिला वाईट वाटलं नाही. उलट आनंद झाला. आपण घर बुडता बुडता वाचवलं, असं तिला वाटत होतं.

रात्रीच्या जेवणावेळी तिनं घरी सगळं नीट सांगितलं. दुकानदार काय म्हणाले, किनवटची बुरशी, माहूरची ताटं. मशीन विकणाऱ्यानं माल परत घ्यायचं कबूल केलंय, पण ज्यांनी आधी त्याचं मशीन घेतलं होतं त्यांच्यातल्या एकाला ती नांदेडात भेटली होती, त्याचा माल 'प्रतीत बसत नाही' म्हणून कधीच परत घेतला गेला नव्हता, तेही सांगितलं. "हा धंदा नको, मामा," ती म्हणाली. "काढायचाच असंल काही तर ओटीच्या ताटातलं दुसरं काही बघू. पण हे नको."

वीरण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पहिल्यांदाच.

"झालं? मशीन पुढच्या आठवड्यात येऊन राहिलंय."

सुकन्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "पण तुम्ही म्हणाला होतात, बघून आली की ठरवू..."

"तू फिरायला निघालीस त्याच्या आधीच बुक केलं होतं ते. घरात रोज तुझं तोंड चालून राहिलं असतं, म्हणून म्हटलं, फिरू दे." ते उठले, हात धुतले. "आता फिरून झालं. आता गप बसायचं."

तिनं अमरेशकडं बघितलं. तो ताटातली चटणी बोटानं सारखी करत होता. त्याला माहीत होतं. ती रोज संध्याकाळी दमून यायची, उत्साहानं त्याला सगळं सांगायची, आणि तो हूं हूं करत ऐकायचा, तेव्हाही माहीत होतं.

कारखाना गावाबाहेरच्या एका शेडमध्ये सुरू झाला. पुड्यावर नंदीचं चित्र, खाली 'वीर सुगंध'. उद्घाटनाला अर्धी गोलाई आली. पुढं जे व्हायचं ते सुकन्यानं सांगितलं होतं त्याच्याच क्रमानं झालं. दुकानदारांनी माल ठेवून घेतला, पैसे दिले नाहीत. मशीनवाल्यानं फोन उचलणं बंद केलं. पावसाळ्यानंतर पोती परत यायला लागली. असं सगळं तंतोतंत खरं ठरल्यामुळं घरात तिचा मान वाढायला हवा होता. झालं उलटंच.

"हिचीच जीभ लागली," शांतम्मा म्हणाल्या. "सुरू व्हायच्या आधी नको नको म्हणून बसली होती. देवाच्या वस्तूला आसं बोलतेत का?"

परत आलेला माल सुनेनं निवडायचा, असं ठरलं. दुपारभर माळवदावर बसून सुकन्या एकेक काडी फडक्यानं पुसायची, बुरशी झाडायची, पुन्हा अत्तराच्या पाण्यात बुडवून वाळत घालायची. हाताची कातडी सोलली. जेवताना भाकरीला तोच वास यायचा. एकदा तिनं अमरेशला म्हटलं, "दुसऱ्या कुणाला तरी सांगा ना." तो म्हणाला, "तुलाच तर कळतं ना ह्यातलं."

वीरण्णा तोट्यात माल सोडणारे नव्हते. मशीन गळ्यात पडलंय हे गोलाईत कुणाला कळायच्या आत ते दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालायचं होतं. गोलाईतला कुणी घेणार नव्हता. मग त्यांना व्याह्यांची आठवण झाली.

संगमेश्वरला जेवायचं बोलावणं गेलं. पुरणपोळी, येसरची आमटी, शांतम्मा स्वतः वाढायला. "बसा, संगमेश्वरराव," वीरण्णा म्हणाले. त्या पोराला तोपर्यंत 'राव' कुणी लावलं नव्हतं. त्याचं लग्न जमत नव्हतं. झेरॉक्सवाल्याला मुलगी द्यायला कुणी तयार होत नव्हतं. तीन ठिकाणांहून नकार आला होता, आणि उदगीरच्या एका स्थळानं स्पष्ट विचारलं होतं, मुलगा पुढं काय करणार?

जेवण रंगात आलं तेव्हा वीरण्णांनी सुनेला हाक मारली.

"सुकन्या, तू माहूरला जाऊन बसली होतीस ना? सांग ह्याला, ओटीची ताटं किती खपतेत. लई का थोडी?"

"लई खपतात," ती म्हणाली. तिला वाटलं, जुनी गोष्ट निघाली आहे.

"प्रत्येक ताटात अगरबत्ती आसती का न्हाई?"

"असते."

"नवा पुडा ठेवायला दुकानदार न्हाई म्हणला का एक तरी?"

"न्हाई, पण..."

"बघा," वीरण्णा संगमेश्वरकडं वळले. "तुमच्या सख्ख्या बहिणीनं सोता फिरून बघितलंय. आमच्या अमरेशला वेळ हुईना, दुकान सोडवत न्हाई. बाहेरच्याला देण्यापरीस म्हटलं घरच्या माणसाला द्यावं."

आता सुकन्याला कळलं. तिच्या हातातली पोळी वाढायची राहून गेली.

"मामा, पण ते ताटवाल्या..."

"पाणी आण," वीरण्णा हसत म्हणाले. "पाव्हण्याचा गिलास रिकामा हाय."

ती पाणी आणायला आत गेली. आतून शांतम्मा तिच्या मागं आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. "भावाचं चांगलं व्हायलंय, तर तुझ्या पोटात का दुखून राहिलंय?" एवढंच म्हणाल्या, पण दारातून हलल्या नाहीत. सुकन्या बाहेर आली तेव्हा व्यवहार ठरला होता.

निघताना तिनं भावाला जिन्याच्या पायरीवर गाठलं. घाईघाईनं, दबक्या आवाजात सगळं सांगितलं. केवळाबाई, हैदराबादचा माल, बुरशी, परत आलेली पोती. आपले हात दाखवले.

संगमेश्वरचा चेहरा हळूहळू बदलत गेला. पण तिला हवा तसा नाही.

"अक्का, तू शिकली. माझं शिक्षण तुझ्या लग्नापायी राहिलं. मी कधी बोललो का? आन् आता मला जरा काही मिळून राहिलंय, तर तू पायरीवर येऊन हे सांगून राहिलीस?"

"मी खोटं कशाला बोलू, संगमेश?"

"मघाशी आत तूच हाव म्हणालीस ना?"

वर वीरण्णांच्या चपला वाजल्या. तिनं हात पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी तिनं वडिलांना फोन केला. संगप्पांनी ऐकलं आणि म्हणाले, "व्याह्यांनी एवढा मान दिला, आन् तू सासरच्या वस्तूला नावं ठेवतीस? तुझ्या सासऱ्याच्या कानावर गेलं तर नांदवतील का तुला?"

मशीन लोह्याला गेलं. त्याच्या पैशापायी बसस्टँडसमोरचं झेरॉक्सचं दुकान दुसऱ्याचं झालं. उदगीरच्या स्थळानं होकार कळवला, साखरपुड्याचं कुंकू लागलं, आणि संगमेश्वर वर्षभर कारखानदार म्हणून मिरवला. त्या वर्षात तो बहिणीशी नीट बोलला नाही, पण राखीला आला, साडी घेऊन आला. ती पुड्यांबद्दल काही विचारायला धजली नाही.

माल खपेना तेव्हा तो माहूरला गेला. केवळाबाईजवळच जाऊन उभा राहिला आणि आपली ओळख सांगितली. केवळाबाई बोलायला सरळ. "आरं, तुझ्या बहिणीला मी समदं सांगितलं होतं की! दिवसभर बसली होती हितं. तिनं न्हाई सांगितलं तुला?"

तिथून तो थेट लातूरला आला. वीरण्णा दुकानात होते, अमरेश होता, गिऱ्हाईक होती. तो कुणाशी बोलला नाही. माडीवर स्वयंपाकघरात गेला. सुकन्याला वाटलं, भाऊ आला, आता दोघं मिळून काहीतरी करू. तिनं पाट मांडला.

"तुला समदं माहीत होतं," तो उभ्यानंच म्हणाला.

"मी सांगितलं होतं रे. पायरीवर सांगितलं होतं."

"पायरीवर. बारीक आवाजात. जाताना." त्याचे डोळे कोरडे होते. "आन् ताटावर, समद्यांपुढं? तिथं काय म्हणालीस? मी कुणाचं ऐकायचं होतं, अक्का? ताटावरच्या तुझं का पायरीवरच्या तुझं?"

मामांनी बोलू दिलं नाही, सासूबाई दारात उभ्या होत्या, हे सगळं खरं होतं आणि ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. तो पाण्याला न शिवता गेला. महिन्याच्या आत उदगीरचं ठरलेलं लग्न मोडलं.

दिवाळीनंतर घरी पाहुणे जमले. मठातले दोघं, गोलाईतले व्यापारी, नात्यातले वीसेक जण. निलंग्याचे शिवमूर्ती म्हणून एक दूरचे पाहुणे कापराच्या वड्यांचा कारखाना काढायचं बोलत होते. वीरण्णा मोठ्या कौतुकानं म्हणाले, "आधी आमच्या सुनेला विचारा. बाजार बघावा तर हिनं. हिच्या भावाचा कारखाना हिनंच तर उभा केला."

सुकन्या चहाचे कप गोळा करत होती. तिनं ते खाली ठेवले आणि बोलायला लागली. आवाज मोठा नव्हता, पण ती थांबली नाही. मशीन कधी बुक केलं होतं, ती काय सांगून आली होती, माल कसा परत आला, तिनं तो कसा पुसला, भावाला जेवायला बसवून तिला कोणते तीनच प्रश्न विचारले. वीरण्णांनी मान वळवली, ती तरी बोलत राहिली. शांतम्मा तिचा दंड धरून ओढायला लागल्या, तरी तिनं शेवटचं वाक्य पुरं केलं.

मग शिवमूर्तींनी घसा साफ केला आणि म्हणाले, "लेकीबाळींनी आसं बोलू न्हाई." बाकीच्यांनी माना डोलावल्या. वीरण्णा व्यापारात वाईट ठरले नाहीत. मशीन खपवणारा माणूस हुशार असतो, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सून मात्र वाईट ठरली.

दुसऱ्या दिवशी अमरेशनं तिला स्टँडवर आणलं. "चार दिवस जाऊन ये," म्हणाला, आणि बस सुटायची वाट न बघता गेला. न्यायला कुणी आलं नाही. कधीतरी निरोप आला: त्याच लोकांसमोर येऊन मी खोटं बोलले म्हण, मग नांदवतो. संगप्पांना ते ठीक वाटलं. माहेरी आल्यापासून संगमेश्वर तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. तो निरोप ऐकून पहिल्यांदा बोलला.

"जा की. चार माणसांत खोटं बोलायला तुला जमतं."

ती गेली नाही. अमरेशला दुसरी बायको बघून राहिलेत, असं कानावर येतं. संगमेश्वर आता हैदराबादच्या मालाच्या टेम्पोवर आहे. किनवट-माहूरच्या वाटेवर केवळाबाईसारख्यांकडं पोती उतरवतो. घरात त्याचं ताट पुढच्या खोलीत वाढतात, सुकन्याचं आत. तिच्याशी बोलते ती फक्त आई, आणि आईला ऐकू कमी येतं.

सुकन्या रोज सकाळच्या बसनं नांदेडला जाते. पूजेच्या सामानाच्या एका ठोक दुकानात ती बिलं करते. मालक भला आहे. नवा धंदा काढणारं कुणी चौकशीला आलं की तिच्याकडं पाठवतो. परवा अर्धापूरकडचा एक तरुण आला होता. बायकोचे दागिने मोडून अगरबत्तीचं मशीन घ्यायचं ठरवून आला होता. सुकन्यानं बिलं बाजूला सारली, त्याला स्टूल दिलं आणि सगळं सांगितलं. मोठ्या आवाजात, चार गिऱ्हाइकांसमोर. काही लपवलं नाही, स्वतःच्या घरचंही नाही. त्यानं लक्ष देऊन ऐकलं. मधे मधे प्रश्न विचारले. जाताना वाकून नमस्कार केला.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. पेढे घेऊन. मशीन आलं होतं. "ताई, तुम्ही सांगितलेलं समदं ध्यानात ठेवून घेतलं बघा," तो म्हणाला. "त्या लोकांनी चुका केल्या, त्या आपण करायच्या न्हाईत."

सुकन्यानं पेढा घेतला आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं बिल करायला लागली.